बजेट गेमिंग मॉनिटरसाठी पॅनल कसं निवडायचं: आयपीएस, व्हीए की टीएन?

कमी पैशात गेमिंग मॉनिटर शोधायला बसलं की कागदावर सगळे सारखेच वाटतात. २४ किंवा २७ इंच, १६५ किंवा १८० हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा, म्हणजेच रिफ्रेश रेट), १ मिलिसेकंद, वर एचडीआरचा (जास्त खोल अंधार आणि जास्त प्रखर उजेड दाखवण्याच्या दाव्याचा) शिक्का. खरा फरक असतो पॅनलमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याच्या जातीत, आणि पॅनलचा उल्लेख माहितीच्या तक्त्यात कुठेतरी खाली, एका शब्दात उरकलेला असतो.

महागड्या मॉनिटरमध्ये पॅनलच्या उणिवा झाकायला बराच खर्च केलेला असतो: बॅकलाइटचे (पडद्यामागच्या दिव्यांचे) शेकडो स्वतंत्र भाग, बारकाईने जमवलेला ओव्हरड्राइव्ह (जादा वीज देऊन पिक्सेलचा वेग वाढवणं), कारखान्यात केलेलं रंगांचं कॅलिब्रेशन. बजेटमध्ये यातलं फारसं काही नसतं. पॅनलचा मूळ स्वभाव जसा आहे तसा रोज डोळ्यांसमोर येतो. म्हणून स्वस्तात घेणाऱ्यानेच पॅनलकडे जास्त बारकाईने बघायला हवं.

पॅनलचे मुख्य प्रकार तीन: आयपीएस, व्हीए आणि टीएन. माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी फास्ट आयपीएस, म्हणजे आयपीएसचाच वेगवान प्रकार, घ्यावा. अंधाऱ्या खोलीत बसून कथाप्रधान, संथ गेम खेळत असाल तर व्हीए घ्यावा. स्वस्त टीएन आता कोणी घेऊ नये. पण तुम्ही ‘बहुतेकां’त मोडता का, हे तपासायला पुढच्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी: आधी खोली बघा, मग गेम

मॉनिटर कुठे ठेवणार आणि त्या खोलीत खेळताना उजेड किती असतो, हा पहिला प्रश्न. लोक तो शेवटी विचारतात किंवा विचारतच नाहीत.

आयपीएस पॅनलचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ ते) साधारण १०००:१ असतो, व्हीएचा ३०००:१ च्या आसपास. कागदावर तिप्पट फरक. पांढरा रंग १२० निटवर (निट हे उजेडाचं माप) ठेवला, म्हणजे रात्री डोळ्यांना सुसह्य वाटतो तितका, तर आयपीएसचा काळा ०.१२ निट येईल आणि व्हीएचा ०.०४. पूर्ण अंधारात हा फरक पहिल्याच क्षणी जाणवतो. व्हीएवर रात्रीचं आकाश काळं दिसतं, आयपीएसवर राखाडी.

आता खोलीतला दिवा लावा. मॅट पडदा झाला तरी तो थोडा उजेड परत फेकतोच. तो अर्धा निट धरू. आयपीएसचा काळा झाला ०.६२ आणि व्हीएचा ०.५४. प्रत्यक्ष डोळ्यांना मिळणारा कॉन्ट्रास्ट अनुक्रमे सुमारे १९४:१ आणि २२३:१. तिप्पट फरक एका दिव्याने जवळजवळ पुसून टाकला. दिवसा खिडकीशेजारी किंवा ट्यूबलाइटखाली खेळणाऱ्याने निव्वळ काळ्या रंगासाठी व्हीए घेतला, तर ज्यासाठी पैसे मोजले ते त्याला दिसतच नाही. व्हीएचे तोटे मात्र त्या उजेडातही दिसतात.

दुसरा प्रश्न गेमचा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, एपेक्ससारखे नेमबाजीचे गेम खेळत असाल तर हलणारी गोष्ट स्पष्ट दिसणं सगळ्यात महत्त्वाचं. मोठाल्या नकाशांचे, हळूहळू उलगडणारे, भयकथेच्या अंगाने जाणारे गेम असतील तर अंधारातल्या छटा महत्त्वाच्या. आणि त्याच मॉनिटरवर अभ्यास, कोडिंग, फोटो एडिटिंग होणार असेल तर रंग आणि अक्षरांची सुबकता. या तिन्हींचा क्रम कागदावर लिहून ठेवा. मॉडेलांच्या गर्दीत शिरल्यावर माणूस हा क्रम हमखास विसरतो.

दुसरी पायरी: तिन्ही पॅनलचा स्वभाव समजून घ्या

तिन्ही एलसीडीच आहेत. मागे एलईडीचा बॅकलाइट, पुढे द्रवस्फटिकांचा थर. वीज दिली की स्फटिक वळतात आणि किती प्रकाश पुढे सोडायचा ते ठरतं. स्फटिक कसे वळतात यातूनच सगळे गुणदोष येतात.

टीएनबद्दल थोडक्यात. १९७० च्या दशकापासूनचं हे तंत्र. स्फटिकांची पिळलेली रचना वीज मिळताच उलगडते, आणि ती पटकन उलगडते. पण खालून किंवा वरून बघितलं की रंग बदलतात, पार उलटेही दिसतात. खुर्चीत थोडं खाली सरकलं तरी पडद्याच्या वरच्या आणि खालच्या भागातला फरक लक्षात येतो. व्यावसायिक ई-स्पोर्ट्ससाठीच्या ३६० किंवा ५४० हर्ट्झच्या काही मॉनिटरमध्ये टीएन अजून वापरतात आणि तिथे तो खरोखर वेगवान असतो, पण ते मॉनिटर बजेटमधले नव्हेत. बजेटमध्ये दिसणारा टीएन बहुधा जुना माल असतो. त्याच पैशात फास्ट आयपीएस मिळत असताना तो घेण्याचं कारण उरलेलं नाही.

आयपीएसमध्ये स्फटिक काचेला समांतर राहून जागच्या जागी फिरतात. हिताचीने १९९० च्या दशकात हे तंत्र बाजारात आणलं ते टीएनच्या कोनांची अडचण सोडवण्यासाठीच. बाजूने बघा, उभं राहून बघा, रंग फारसे ढळत नाहीत. पूर्वी आयपीएस संथ म्हणून गेमर त्याच्या वाटेला जात नसत. २०१९ च्या सुमारास वेगवान आयपीएस पॅनल आले आणि हळूहळू बजेटमध्येही उतरले. आज ‘फास्ट आयपीएस’ किंवा ‘रॅपिड आयपीएस’ म्हणून जे विकलं जातं त्याचा पिक्सेल बदलण्याचा वेग चांगल्या मॉडेलमध्ये ४ ते ६ मिलिसेकंदांच्या घरात असतो, आणि गडद छटांपासून उजळ छटांपर्यंत तो साधारण सारखाच राहतो. हा सारखेपणा फार मोलाचा आहे.

आयपीएसची किंमत मोजावी लागते ती काळ्या रंगात. शिवाय अंधारात कोपऱ्यांवर एक फिकट चमक दिसते, तिला आयपीएस ग्लो म्हणतात. हा पॅनलचा स्वभाव आहे, बिघाड नाही. बॅकलाइट ब्लीड वेगळं. तिथे कडेच्या फटीतून प्रकाश गळतो आणि तो त्या विशिष्ट मॉनिटरच्या जोडणीतला दोष असतो. दोन्ही ओळखायची सोपी रीत आहे. काळा पडदा ठेवून डोकं इकडेतिकडे हलवा, दोन पावलं मागे जा. ग्लो जागा बदलतो आणि मागे गेल्यावर कमी होतो. ब्लीड आहे तिथेच राहतं.

आता व्हीए. याच्याविषयी गैरसमज सर्वांत जास्त आहेत, म्हणून जरा थांबून बोलू.

व्हीएमध्ये वीज नसताना स्फटिक काचेला काटकोनात ताठ उभे असतात आणि प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवतात. म्हणून काळा इतका गडद. पण गोची इथेच आहे. ताठ उभ्या स्फटिकाला थोडंसंच झुकवायचं, म्हणजे काळ्यावरून गडद राखाडीवर यायचं, तर मिळणारी वीजही थोडीच असते. तेवढ्या जोरावर स्फटिक रेंगाळत हलतो. उजळ छटांमध्ये तोच पॅनल छान धावतो, पण गडद छटांमध्ये त्याला एखाद्या बदलासाठी २५-३० मिलिसेकंद लागू शकतात.

याचा अर्थ आकड्यात बघा. १४४ हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, ६.९४ मिलिसेकंद टिकते. एखादा गडद बदल २८ मिलिसेकंद घेत असेल तर तो पुरा होईपर्यंत आणखी ४ फ्रेम येऊन गेलेल्या असतात. म्हणजे गुहेत मशाल घेऊन वळलात की भिंतीवरच्या सावल्यांमागे काळसर, कधी जांभळट शेपूट ओढलं जातं. याला डार्क स्मिअरिंग म्हणतात. हे बघायला गेम लागतच नाही. डार्क मोडमधलं कुठलंही पान उघडून भराभर स्क्रोल करा: अक्षरं हलताना विझल्यासारखी होतात आणि थांबल्यावर पुन्हा उजळतात. एकदा हे दिसायला लागलं की डोळा तेच शोधत राहतो. काहींना मात्र खरंच त्रास होत नाही, म्हणून शक्य असेल तर घेण्याआधी एखाद्या चालू व्हीए मॉनिटरवर हा स्क्रोल करून बघाच.

सगळे व्हीए संथ नसतात. सॅमसंगच्या २०२० च्या ओडिसी जी७ ने २४० हर्ट्झचा व्हीए वेगवान असू शकतो हे दाखवून दिलं होतं. पण तो वरच्या वर्गातला मॉनिटर. बजेटमधल्या व्हीएने तसं धावावं ही अपेक्षा ठेवू नका, जोवर त्या नेमक्या मॉडेलचं मोजमाप कोणी समोर ठेवत नाही.

व्हीएच्या आणखी दोन खोडी. समोरून बघताना अगदी गडद छटा एकमेकींत मिसळून जातात आणि थोडं बाजूला झालात की पुन्हा वेगळ्या दिसतात. सावलीत लपलेला प्रतिस्पर्धी नेमका इथे हरवतो. दुसरी खोडी व्हेरिएबल रिफ्रेश रेट (गेमच्या फ्रेम येतील तसा पडद्याचा रिफ्रेश रेट बदलण्याची सोय) चालू असतानाची. फ्रेम रेट झपाट्याने वरखाली झाला, विशेषतः लोडिंग स्क्रीनवर किंवा मेनूत, की पडदा लुकलुकतो. हे आयपीएसवर फार कमी दिसतं.

इतकं ऐकूनही अंधारात भयकथेचा गेम खेळणाऱ्याला मी व्हीएच सुचवेन. काळोख काळोखासारखा दिसणं हा त्या गेमचा अर्धा अनुभव आहे, आणि सावकाश चालणाऱ्या दृश्यात स्मिअरिंग फारसं आड येत नाही.

तिसरी पायरी: माहितीचा तक्ता वाचायला शिका

सर्वांत आधी ‘१ मिलिसेकंद’. यात दोन वेगळी मापं लपलेली असतात. जीटीजी म्हणजे पिक्सेलला एका छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ. पारंपरिक पद्धतीत त्या प्रवासाचे पहिले आणि शेवटचे १० टक्के मोजतच नाहीत, आणि कंपनी सगळ्यात वेगवान बदलाचा आकडा छापते, तोही सगळ्यात आक्रमक ओव्हरड्राइव्ह लावून. एमपीआरटी हे तर वेगळंच माप आहे: चित्र डोळ्यांना किती वेळ दिसतं ते. बॅकलाइट झटपट चालू-बंद करून तो आकडा खाली आणता येतो. त्याने हालचाल स्पष्ट दिसते हे खरं, पण उजेड कमी होतो, काहींचे डोळे दुखतात, आणि बहुतेक बजेट मॉनिटरमध्ये त्या वेळी व्हेरिएबल रिफ्रेश रेट बंद ठेवावा लागतो. तक्त्यात ‘१ मिलिसेकंद एमपीआरटी’ असं लिहिलं असेल, तर पिक्सेलच्या वेगाबद्दल त्यातून तुम्हाला काहीही कळलेलं नाही.

१७८ अंशांचा कोन व्हीए आणि आयपीएस दोघांच्याही तक्त्यात असतो. हा आकडा कॉन्ट्रास्ट १०:१ पर्यंत खाली येईपर्यंतचा कोन सांगतो, रंग किती बदलले ते सांगत नाही. त्याकडे लक्ष देऊ नका. टीएन ओळखायला मात्र ही ओळ उपयोगी पडते: तिथे १७०/१६० असा आकडा असतो.

तक्त्यात पॅनलचा प्रकार लिहिलेलाच नसेल तर कॉन्ट्रास्टचा आकडा बघा. ३०००:१ किंवा त्याहून जास्त असेल तर बजेटमध्ये तो बहुधा व्हीए. वक्र पडदा असेल तरी बजेटमध्ये तो बहुतेक वेळा व्हीएच असतो. नावांची एक गफलत सांभाळा. ‘एएचव्हीए’ हा एयू ऑप्ट्रॉनिक्सचा आयपीएस जातीचा पॅनल आहे, नावात व्हीए असला तरी. ‘पीएलएस’ हा सॅमसंगचा आणि ‘एडीएस’ हा बीओईचा, तेही त्याच जातीचे. ‘एसव्हीए’, ‘एमव्हीए’, ‘एचव्हीए’ मात्र खरेच व्हीए.

एचडीआरचा शिक्का बजेटमध्ये दुर्लक्षिण्यासारखा आहे. व्हेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची डिस्प्लेएचडीआर ४०० ही सर्वांत खालची पातळी लोकल डिमिंगची (बॅकलाइटचे भाग वेगवेगळे मंद करण्याची) सक्ती करत नाही, आणि कित्येक मॉनिटर तेवढंही प्रमाणपत्र न घेता नुसते ‘एचडीआर १०’ लिहून मोकळे होतात. म्हणजे सिग्नल स्वीकारतो, इतकंच. याला अपवाद मिनी-एलईडीच्या काही स्वस्त होत चाललेल्या मॉडेलांचा. त्यांत बॅकलाइटचे शेकडो भाग स्वतंत्रपणे मंद होतात. बजेट थोडं ताणता येत असेल आणि एचडीआर मनापासून हवं असेल तर तिकडे बघा.

रंगांसाठी एसआरजीबीचा (संगणकावर सर्रास वापरली जाणारी रंगकक्षा) टक्का ९५ च्या वर असला की पुरे. ‘एनटीएससी ७२ टक्के’ (एनटीएससी ही जुनी, जास्त मोठी रंगकक्षा) लिहिलं असेल तर ते साधारण पूर्ण एसआरजीबीइतकंच समजा. ‘एनटीएससी ४५ टक्के’ दिसलं तर तो मॉनिटर सोडून द्या, रंग फिके येणार.

चौथी पायरी: आकार, रिझोल्यूशन आणि केबल

१०८० पी (१९२०×१०८० पिक्सेल) साठी २४ इंच योग्य, तिथे दर इंचाला ९२ च्या आसपास पिक्सेल मिळतात. २७ इंचावर तेच ८२ वर येतात आणि अक्षरं फाटल्यासारखी दिसू लागतात. २७ इंच हवाच असेल तर १४४० पी (२५६०×१४४० पिक्सेल) घ्या, ग्राफिक्स कार्ड पेलत असेल तर. खूप मोठा रिफ्रेश रेट घेऊन तुमच्या गेममध्ये ७० फ्रेमच येणार असतील, तर ते पैसे चांगल्या पॅनलवर खर्च करणं शहाणपणाचं.

संगणकाला डिस्प्लेपोर्टच वापरा. स्वस्त मॉनिटरमध्ये एचडीएमआय पोर्ट कधी कधी जुन्या पिढीचा असतो आणि पूर्ण हर्ट्झ देत नाही. कन्सोलवाल्यांनी आणखी एक बघावं: प्लेस्टेशन ५ वर व्हेरिएबल रिफ्रेश रेट हवा तर मॉनिटरला एचडीएमआय २.१ लागतं. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस हे फ्रीसिंक (एएमडीची व्हेरिएबल रिफ्रेश रेटची पद्धत) असलेल्या एचडीएमआय २.० वरही ते चालवतात.

व्हेरिएबल रिफ्रेश रेटची कक्षाही बघा. वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट असावा. ४८ ते १४४ असेल तर छान: फ्रेम रेट ४८ च्या खाली गेला तरी तीच फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर वेळ निभावून नेतो.

पाचवी पायरी: मोजमाप करणाऱ्यांचं ऐका

दोन-तीन मॉडेलांवर गाडी आली की त्या नेमक्या मॉडेल क्रमांकाचे रिव्ह्यू शोधा. एका अक्षराचा फरकही आतला पॅनल बदलतो. ‘छान वाटला’ म्हणणाऱ्यापेक्षा ज्याने कॉन्ट्रास्ट, प्रत्येक छटेचा रिस्पॉन्स टाइम (छटा बदलायला लागणारा वेळ) आणि इनपुट लॅग (माउस हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर) मोजला आहे त्याला महत्त्व द्या. आर्टिंग्ससारख्या मॉनिटर मोजणाऱ्या वेबसाइटवर छटांचा तक्ता मिळतो. सरासरी वाचून थांबू नका, त्यातला सगळ्यात मोठा आकडा शोधा आणि तो तुमच्या फ्रेमच्या वेळेशी ताडून बघा. १८० हर्ट्झवर एक फ्रेम ५.५६ मिलिसेकंदांची असते. तक्त्यातले बहुतेक आकडे त्याच्या आत किंवा जवळपास असतील तर पॅनल त्या रिफ्रेश रेटला न्याय देतो. अर्धे आकडे १५ च्या वर असतील तर १८० हर्ट्झ नुसतं खोक्यावर आहे.

सहावी पायरी: घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी

मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, मग तपासा. थंड असताना द्रवस्फटिक दाट असतो आणि पॅनल उगाच संथ वाटतो. व्हीएवर हे जास्त जाणवतं.

विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने निवडा. नवा मॉनिटर बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच चालू होतो आणि लोक महिनोन्‌महिने तसेच खेळतात. मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक चालू करा, ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्येही करा. एचडीएमआय लावलं असेल आणि काळा राखाडी, पांढरा मळकट दिसत असेल तर पॅनलला दोष देण्याआधी ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘फुल’ आहे ना बघा.

मग ओव्हरड्राइव्ह. यात स्फटिकाला क्षणभर जादा वीज देऊन पुढे ढकलतात. जास्त ढकललं तर तो हव्या त्या छटेच्या पलीकडे जातो आणि हलणाऱ्या वस्तूमागे उजळ कडा दिसते. ब्लर बस्टर्स या वेबसाइटची यूएफओ चाचणी ब्राउझरमध्ये उघडा, पॅनलच्या पूर्ण रिफ्रेश रेटवर एकेक पातळी लावून बघा. शेवटची पातळी सहसा जाहिरातीतल्या १ मिलिसेकंदासाठीच ठेवलेली असते, मधली वापरायची असते. मग हीच चाचणी ६० हर्ट्झवरही करा. बजेट मॉनिटरमध्ये ओव्हरड्राइव्ह फ्रेम रेटप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे १६५ ला नेटकी दिसणारी पातळी ६० ला उजळ कडा काढू शकते. तुमच्या गेममध्ये फ्रेम कमी येत असतील तर एक पातळी खाली उतरा.

शेवटी दिवे मालवून पूर्ण काळा पडदा, मग पूर्ण पांढरा, लाल, हिरवा, निळा. डेड पिक्सेल आणि गळणारा प्रकाश आत्ताच शोधा. मोबाइलने काढलेल्या फोटोवर विसंबू नका. कॅमेरा अंधारात एक्सपोजर वाढवतो आणि साधा ग्लोही भयंकर दिसतो.

दोष सापडला तर परत करताना एवढं ठरवा की तो त्या नगाचा आहे की त्या जातीचा. ब्लीड, डेड पिक्सेल, एका बाजूचा पिवळटपणा हे नगाचे दोष, तेच मॉडेल बदलून घेतलं की सुटू शकतात. आयपीएसचा राखाडी काळा किंवा व्हीएचं गडद शेपूट सहन होत नसेल, तर तोच मॉनिटर पुन्हा मागवून काही बदलणार नाही. पैसे परत घ्या आणि पॅनलच दुसरा निवडा.